रिपोर्टमधली वरची ओळ

पाथर्डी तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात पित्ताचे पेशंट रोजचेच. त्यामुळे "डॉक्टरसाहेब, अर्ध्या भाकरीतच पोट तुडुंब होतंय," असं एक आजी म्हणाल्या, तेव्हा मी पित्ताच्याच गोळ्या दिल्या. तब्येत उतरलेली दिसत होती, तरी वजन केलं नाही.

गुण येईना, तेव्हा मुलानं नगरला नेऊन दुर्बिणीची तपासणी करून आणली. त्यात काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये शेवटी होतं, 'कर्करोगाच्या पेशी नाहीत.' मी निर्धास्त झालो. "काही नाही, आग्रह करून जेवू घाला," असं घरच्यांना सांगितलं. दुर्बिणीच्या कागदावर मात्र वर स्पष्ट लिहिलं होतं, हवा भरूनही जठर नीट फुगत नाही, आतल्या वळ्या सपाट होत नाहीत. ती ओळ मी वाचली होती. तिच्यावर थांबलो नाही.

जठराच्या एका कर्करोगात ठळक गाठ येतच नाही. पेशी सुट्या सुट्या होऊन अस्तराखाली पसरतात आणि टीजीएफ-बीटासारखे ग्रोथ फॅक्टर सोडतात. त्यामुळे आसपासच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच निरोगी पेशी, कोलॅजन बनवायला लागतात. जखम भरतानाही त्या हेच करतात, पण जखम भरली की थांबतात. इथं थांबायचा इशाराच मिळत नाही. जठराची भिंत चामड्याच्या बुधल्यासारखी जाड आणि ताठ होते. मग अर्धी भाकरीही मावत नाही. लंडनच्या विल्यम ब्रिंटन यांनी १८५९ मध्येच या ताठ जठराचं वर्णन केलं होतं. वरचं अस्तर बऱ्याचदा धड असतं आणि चिमट्यात तेवढंच येतं. अशा वेळी खोलवरचा तुकडा लागतो, सीटी स्कॅन लागतो. हे मी शिकलो होतो.

सीटी झाला तोवर आजींच्या पोटात पाणी झालं होतं. मुलानं विचारलं, "आधी कळलं असतं तर?" हा आजार लक्षात येईपर्यंत बहुतेकदा पसरलेलाच असतो, त्या वाचल्या असत्या असं म्हणता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. मधले आठवडे माझ्यामुळे गेले, हेही सांगितलं. केमो लवकर सुरू करता आली असती. आणि माझ्या शब्दावर विसंबून सुनेनं रोज बळेबळे भरवलेले घास त्या माउलीला सोसावे लागले नसते.