शनिवारी बुधवारात

आमच्या साताऱ्यातही वारांच्या पेठा आहेत. पण इथे एका वारातून दुसऱ्या वारात जाईपर्यंत हातातला चहासुद्धा निवत नाही. पुण्याची गोष्ट वेगळी. तिथे शनिवारी सकाळी गेलेला माणूस बुधवारात साड्या बघतो, रविवारात बादल्या बघतो, शुक्रवारात भाजी बघतो आणि काहीही न घेता शनिवारीच घरी परततो.

मी बँकेत कारकून आहे. सप्टेंबर २०१५ पासून आम्हाला महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. लोकांना वाटतं, बँकवाल्यांची चैन आहे. प्रत्यक्षात या दोन्ही शनिवारांची मालकी केव्हाच घरच्यांच्या खात्यावर वर्ग झालेली आहे.

त्यातला एक चौथा शनिवार आईने काढून घेतला. भाच्याची मुंज महिन्यावर आली होती आणि तिला नऊवारी इरकल हवं होतं. हिरवं, लाल काठाचं.

"अगं, इरकल साताऱ्यातही मिळतं," मी म्हणालो.

"मिळतं की. पण लक्ष्मी रोडचं ते लक्ष्मी रोडचं!"

वडील होते तेव्हा दोघं वर्षातून एकदा पुण्याला खरेदीला जायची. आता आईला शहात्तरावं आहे आणि गुडघ्यांनी संप पुकारून चार वर्षं झाली. म्हणून आमची नेमणूक.

आदल्या रात्री, कुठे घ्यायचं यावर बैठक बसली. बायकोचं म्हणणं, लक्ष्मी रोडच्या एका टोकाला सुरुवात करायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत एकही दुकान सोडायचं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, रविवार पेठेत कापडगंजात जा, तिथे भाव घाऊक. मुलगी म्हणाली, "ऑनलाइन मागवा ना!" आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पोरगी उठून अभ्यासाला बसली.

मग मी माझं बी. कॉम. बाहेर काढलं. जॉर्ज स्टिगलर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली एक लेख लिहून सांगितलं, की स्वस्त माल शोधत हिंडण्यालाही किंमत पडते. वेळ जातो, पाय दुखतात. पुढच्या दुकानात जितके पैसे वाचण्याची आशा, त्याहून तिथे जाण्याचा त्रास जास्त झाला, की शहाण्याने शोध थांबवावा. याच माणसाला १९८२ साली नोबेल मिळालं.

"त्यांच्या मिसेस कधी लक्ष्मी रोडला गेल्या होत्या का?" बायकोने विचारलं.

पण एका दिवसाच्या मुक्कामात स्टिगलरसाहेबच तारतील, अशी माझी खात्री होती. सकाळची विनावाहक गाडी पकडून स्वारगेटला उतरलो. तिथून मंडईपर्यंत २०२४ च्या सप्टेंबरपासून मेट्रो जमिनीखालून जाते. मंडईवरून आठवलं. ही मंडई बांधायच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. मंडई झाली ती झालीच, आणि पुढे नाव दिलं गेलं ते फुल्यांचंच. खर्चाला विरोध करणाराचं नाव खरेदीला द्यायची ही पद्धत आमच्या घरातही आहे. फ्रिजपासून पडद्यांपर्यंत सगळ्या पावत्या माझ्या नावावर आहेत.

लक्ष्मी रोडवर पहिलं दिसलं त्या दुकानात शिरलो. गादीवर बसलो. पाचव्याच घडीला हिरवं, लाल काठाचं इरकल निघालं. काठ ठसठशीत, भाव बेताचा. मी फोन काढून क्यूआर कोडसमोर धरला.

"अहो, एवढ्यात? अख्खा रोड पडलाय अजून!"

"म्हणूनच," मी म्हणालो आणि पैसे पाठवले. पावतीवर 'पंधरा दिवसांत बदलून मिळेल, रोख परत मिळणार नाही' असं छापलं होतं. बदलतोय कोण, म्हणून मी ती खिशात कोंबली.

दुपारच्या आत परतीच्या गाडीत होतो. बायको खिडकीबाहेर बघत होती. खंबाटकी घाट लागल्यावर एवढंच म्हणाली, "तुळशीबागेत नुसतं डोकावलो असतो तरी चाललं असतं."

घरी पोचलो तर आई चष्मा पुसून बसलेली. चहाचं आधण आधीच ठेवलेलं. लुगडं उलगडलं, काठावरून बोट फिरवलं, "छान आहे" म्हणाली. मग पदर सावरून नीट बसली.

"हं, आता सांगा. कुठकुठं बघितलंत?"

"एकाच दुकानात."

"एकाच? आणि तुळशीबागेतल्या रामाला?"

"नाही जमलं."

"मंडईत तरी गेला असाल."

"मंडईच्या खालून गेलो," मी म्हणालो.

आई काही बोलली नाही. लुगड्याची घडी घालताना पुन्हा एकदा "छान आहे" म्हणाली. पण आमचे मॅनेजर कर्जाचा अर्ज नामंजूर करण्यापूर्वी म्हणतात, तसं. दुसऱ्या दिवशी काकू लुगडं बघायला आल्या. "काय काय गंमत झाली पुण्यात?" असं त्यांनी विचारल्यावर आई म्हणाली, "गंमत कसली? घेतलं आपलं."

हे 'घेतलं आपलं' मला फार लागलं. चार वर्षं जिला पुणं दिसलं नव्हतं, तिला मी पुण्याहून फक्त कापड आणून दिलं होतं. ती दिवसभर लुगड्याची वाट बघत नव्हती. आम्ही येऊन काय सांगतो, त्याची बघत होती.

आठवड्याने तिने जाहीर केलं, "काठ अर्धं बोट रुंद आहे. बदलायला हवं."

मी पावती शोधली. दुसरा शनिवार बरोबर चौदाव्या दिवशी येत होता.

"आई, तूच चल," मी म्हणालो. "मेट्रोला लिफ्ट आहे. दुकानात खुर्ची मिळते."

तिने गुडघ्यांकडे एकदा बघितलं आणि मंगळवारीच पिशवी भरून ठेवली.

एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास फुकट आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. तेव्हा तिघांत पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटा. त्या दिवशी आम्ही सात दुकानं केली. आई प्रत्येक दुकानात खुर्ची मागून घ्यायची, लुगडी उलगडायला लावायची, आणि "इथे यांनी मला पहिल्या दिवाळीला घेतलं होतं, तेव्हा जिना लाकडी होता," असं काहीतरी त्या विक्रेत्या पोराला सांगायची. तुळशीबागेत रामाचं दर्शन झालं. एक चिमटा घेतला. घरात तीन चिमटे आहेत, हे बोलून दाखवण्याची चूक मी केली नाही. मंडईत वरून गेलो.

संध्याकाळी पाचला त्या पहिल्या दुकानात आलो. मालकांनी तीस-एक लुगडी पुढ्यात टाकली. आईने सगळी पाहिली, प्रत्येकाला नाव ठेवलं आणि शेवटी पिशवीतल्या आमच्याच लुगड्यावर हात ठेवून म्हणाली, "हेच राहू दे. काठ शोभतो."

मालकांनी घडी घालून ते पुन्हा नव्या पिशवीत दिलं. ते हसले नाहीत. त्यांनाही आई असावी.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या दोन तास हलल्या नाहीत. मीही पेपर तोंडासमोर धरून ऐकत होतो. सातही दुकानांत मी हजर होतो, पण आई सांगत होती तितकी गंमत मला तिथे दिसली नव्हती. स्टिगलरसाहेबांनी शोधाचा हिशेब चोख मांडला, यात शंका नाही. आईने फक्त तीच रक्कम जमेच्या बाजूला लिहिली.

मुंज झाली. आई नेसली होती ते जुनंच, वडिलांनी घेतलेलं. नवं म्हणे जरा कडक आहे, दोन धुण्यांनी मऊ होईल. तोवर त्यावर चोळीला खण बघायचा आहे. येत्या चौथ्या शनिवारी. कुठल्या दुकानात, ते मी विचारलेलं नाही.