वहिनीचे पिवळे हात

पारनेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर कांद्याला करपा दिसला की दादा पाठीवर पंप चढवतो. औषध मारायचं काम त्याचं, कालवून द्यायचं वहिनीचं. एम पंचेचाळीसचा पुडा फोडायचा, पिवळी भुकटी बादलीत ओतायची आणि गुठळ्या राहिल्या तर हातानंच मोडायच्या. पुन्हा दहा-बारा दिवसांनी तेच. संध्याकाळी दादाचे औषधानं भिजलेले कपडेही तीच धुवायची. हंगामभर तिच्या नखांच्या कडा पिवळ्या असायच्या. मी लहान होतो, मला ती हळदच वाटायची.

पस्तिशीच्या आसपास वहिनी थकायला लागली. दोन वाफे खुरपून झाले की बांधावर बसायची. वजन वाढत होतं, केसांचे पुंजके फणीत यायचे आणि भर मार्चमध्ये ती पहाटे गोधडी सोडत नव्हती. शेजारच्या आत्याबाई म्हणायच्या, बाळंतपणं नीट झाली नाहीत तिची. वर्षभरानं नगरला रक्त तपासलं तेव्हा टीएसएच खूप वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलेली. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू झाली.

दवाखान्यात माहेरच्यांचे आजार विचारले, बाळंतपणं विचारली, मीठ कोणतं खाता तेही विचारलं. शेतात काय मारता, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. सांगायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

मी पुढे वाचत गेलो तेव्हा त्या पिवळ्या भुकटीचं खरं नाव कळलं: मॅन्कोझेब. तिचं विघटन होताना इथिलिनथायोयुरिया नावाचं रसायन तयार होतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ज्या विकराच्या मदतीनं आयोडीन जोडून संप्रेरक बनवते, त्याच विकराला हे रसायन अडवतं. संप्रेरक कमी पडलं की मेंदूतली पिट्यूटरी टीएसएच वाढवून ग्रंथीला आणखी कामाला लावते. वहिनीच्या अहवालातला तो वाढलेला आकडा म्हणजे पिट्यूटरीची ही हाकच.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना इथल्या फवारणी करणाऱ्यांच्या १६,५२९ बायकांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. मॅन्कोझेब किंवा त्याच कुळातलं मॅनेब हाताळलेल्या बायकांत थायरॉइड मंदावल्याची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. युरोपीय संघानं २०२० मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारनं २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यातही हे नाव होतं. बंदी मात्र आली नाही.

वहिनीचा आजार या भुकटीनंच झाला, असं मी म्हणणार नाही. थायरॉइड मंदावण्याची कारणं अनेक असतात, आणि एका बाईच्या रक्तावरून तसं ठरवता येत नाही. पण ती वीस वर्षं उघड्या हातांनी औषध कालवत होती, ही गोष्ट तिच्या केसपेपरवर असायलाच हवी होती.

थायरॉइडवर पाण्याचाही परिणाम होऊ शकतो, हे वाचल्यावर मग विहिरीचंही पाणी तपासायला दिलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा हे काम करते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आमचं पाणी त्यात बसलं नाही. ऊस-कांद्याला टाकलेला युरिया झिरपून तिथवर पोचतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तीनांतल्या एकाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आहे. आयोडीन ज्या दारानं ग्रंथीत शिरतं, तिथंच नायट्रेट आडवं येतं. पाणी उकळल्यानं ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. आता पिण्याचं पाणी आम्ही गावातल्या आरओ केंद्रावरून आणतो.

वहिनीची गोळी चालूच आहे. कालवायला लांब दांडा आला, कोपरापर्यंतचे हातमोजे आले आणि फवारणीचे कपडे दादा स्वतः वेगळे धुतो.

तुमच्या घरी कोणी थायरॉइडची गोळी घेत असेल आणि शेतात फवारणी होत असेल, तर पुड्यावरचं नाव कागदावर लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. आणि औषध कालवणाऱ्या बाईला आधी हातमोजे आणून द्या.