दाराच्या मधातलं बोंड

आमच्या कारंजा (घाडगे) तालुक्यात कोणाच्याही घरी गेलो, की पाण्याचा गडवा हातात येण्याआधी हल्ली माझी नजर दाराकडे जाते. कृषी खात्याच्या माणसाने पऱ्हाटीचे बोंड पाहावे, संत्र्याचा बहार पाहावा, गोठ्यातली गौळाऊ गाय पाहावी. दाराची कडी कशाला पाहावी, असे तुम्ही म्हणाल. पण त्याला कारण घडले, आणि ते माझ्याच घरात घडले. तीच हकीकत आज सांगतो.

आमचे गाव कारंज्यापासून चार कोसांवर. घर मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. पुढचे कवाड सागवानी, दोन फळ्यांचे. त्याला लोखंडी बिजागरी नव्हती. फळीच्या कडेलाच वर आणि खाली खुंट कोरलेले होते व ते चौकटीच्या खोबणीत फिरत. कवाड कुरकुरायला लागले, की बाबा पोळ्याच्या आधी त्या खोबणीत तेलाची धार सोडत. वरच्या अंगाला लोखंडी साखळी आणि चौकटीच्या माथ्यावर कोयंडा. रात्री आतून आगळ. आगळ म्हणजे एक जाड लाकडी दांडा. दिवसा तो भिंतीतल्या भोकात गुमान पडून असे. रात्री ओढून समोरच्या भिंतीच्या भोकात सरकवला, की झाले.

लहानपणी या गोष्टींचे काही वाटले नाही. आज विचार करतो तेव्हा कळते, की यातली एकही वस्तू उगाच नव्हती. साखळी उंच, कारण चालायला लागलेले पोर दार उघडून विहिरीकडे जाऊ नये. आगळ लांब, कारण बाहेरून कोणी धक्का दिला तर तो एका खिळ्यावर न पडता दोन्ही भिंतींनी झेलावा. उंबरठा उंच, कारण पावसाचे पाणी आणि विंचूकाटा बाहेरच राहावा. आणि ही साखळीच घराची घंटी होती. बाबा दोनदा हळू वाजवत. काका एकदाच, पण जोरात. शेजारची मामी साखळी वाजवता वाजवताच हाक मारी. आई चुलीपुढून न उठता सांगे, कोण आले ते.

वेगळ्या तऱ्हेचे दार मी पहिल्यांदा पाहिले ते टीव्हीवर. १९८५च्या उन्हाळ्यात मी नागपूरला मामाकडे सुटीत राहिलो होतो. दूरदर्शनवर तेव्हा ‘हम लोग’ आणि ‘ये जो है जिंदगी’ या मालिका चालू होत्या, आणि अर्धी गल्ली मामाच्या खोलीत बसून त्या पाहायची. ‘ये जो है जिंदगी’मध्ये सतीश शाह दर भागात वेगळाच माणूस होऊन येत. दार उघडले, की आज हे कोण झाले असतील, म्हणून आम्ही पोरे पुढे सरकायचो. त्या घरात साखळी नव्हती, आगळ नव्हती. दार आपले अलगद उघडायचे आणि अलगद लागायचे. मला वाटले, शहाण्यासुरत्या माणसांची घरे अशी असतात.

पुढे नागपूरच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. झालो, नोकरीला लागलो. बाबा गेले. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात जुने घर एका बाजूने खचले, म्हणून पुढची बाजू पक्की बांधायला काढली. माझा मुलगा नागपूरला शिकतो. त्याला मोबाइलवर जुन्या अमेरिकन विनोदी मालिका पाहायचा नाद. एका सुटीत त्याने मला त्यातले एक घर दाखवले. पुढचे दार एकफळी, आणि त्याची गोल पितळी मूठ कडेला नाही, तर दाराच्या अगदी मधोमध! मुठीच्या मागे ताटलीएवढी चकचकीत गोल पट्टी. १९५० ते १९६०च्या दशकांत तिकडच्या नव्या घरांना ही टूम होती, म्हणून मालिकांतल्या घरांनाही ती आली. मुलगा म्हणाला, “बाबा, आपल्या दाराले असंच लावू. गावात कोणाकडेच नाही.”

मलाही ते आवडले, हे कबूल करतो. साहेबाच्या घराचे दार चारचौघांहून वेगळे दिसावे, हा मोह माझाच होता. मिस्त्री म्हणाला, मधोमध चालणारे कुलूप इकडे मिळायचे नाही. मग आम्ही तोड काढली. कडेला छोट्या गोल मुठीचे, दार ओढताच आपोआप लागणारे कुलूप बसवले. आणि मधोमध दोन्ही बाजूंनी मोठ्या पितळी मुठी, नुसत्या शोभेच्या. त्या फिरत नव्हत्या. धरून ओढायच्या, एवढेच.

घरभरणीला आलेल्या प्रत्येकाने त्या मुठीवर हात फिरवला. आईनेही फिरवला. म्हणाली, “हे तं बोंडच दिसते, पितळेचं.” तेव्हापासून घरात तिचे नाव बोंडच पडले.

त्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. घरची मंडळी लग्नाला आर्वीला गेली होती. खरिपाच्या पूर्वतयारीची बैठक असल्यामुळे मी कारंज्याला. आई एकटी घरी. वय ऐंशीच्या घरात, एका डोळ्याला मोतीबिंदू. मागच्या दाराला बाहेरून कुलूप. दुपारी वाऱ्याने पुढचे दार लागले, वीज गेली, पंखा थांबला. आई बाहेर यायला उठली. तिच्या हाताला आधी लागले ते मधले बोंड. ते तिने डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले, दोन्ही हातांनी ओढले. दार हलेना. कडेची छोटी मूठ तिच्या हाती लागली तेव्हा हात घामाने ओले झालेले. ती गुळगुळीत मूठ बोटांतून निसटत राहिली.

किती वेळ गेला, ते तिलाही सांगता येत नाही. शेवटी तिने लोटा घेऊन दारावर ठोकायला सुरुवात केली. मामीने ऐकले. पण बाहेरून किल्लीशिवाय दार उघडेना, आणि किल्ली आर्वीला. मामीने पोरांना गोळा केले, पोरांनी सब्बल आणली आणि चौकट फोडून दार काढले. मी पोचलो तेव्हा आई मामीच्या ओसरीवर भिंतीला टेकून साखर-मिठाचे पाणी पीत होती.

मला वाटले, ती रागावेल. पण ती माझ्याकडे अपराध्यासारखी पाहत म्हणाली, “ते मधातलं बोंड मी लय फिरवलं रे बाबू. फिरेच ना. मले वाटलं, माह्या हातातलाच जोर गेला.”

हे वाक्य मला फार लागले. दोष दाराचा होता, ते लावणाऱ्या माझा होता. आणि म्हातारी आपल्याच हाताला दोष देत होती. त्या रात्री मला माझ्या नोकरीतली तीस वर्षे आठवली. फवारणीच्या पंपाचे हँडल बाईमाणसाच्या हाताला पुरत नाही, आणि ती म्हणते, मलाच जमत नाही. औषधाच्या डब्यावरची सूचना मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली असते, आणि शेतकरी म्हणतो, माझेच शिक्षण कमी. गैरसोयीची वस्तू माणसाचे काम तर अडवतेच, पण वर त्याचा स्वतःवरचा भरवसाही खाते.

पुढचे पंधरा दिवस आई त्या घरात दार लोटून झोपली नाही. दाराला वरवंटा टेकवून ठेवायची. उन्हात बसेन, पण आत बसणार नाही, म्हणायची. गावात थट्टाही झाली. एकजण म्हणाला, “सायेब, कवाडच काढून टाका. शनी शिंगणापूर करा.” अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावात घरांना कवाडे न लावण्याची परंपरा आहे. २०११ साली एका बँकेने तिथे कुलूप न लावता चालणारी शाखा उघडली, तेव्हा तिची देशभर चर्चा झाली होती. पण तो त्या गावाचा श्रद्धेचा भाग आहे. आपल्या गावी कुत्री-मांजरे, डुकरे, सापविंचू आणि चोर सगळेच येतात. दार हवेच. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या हातासाठी करायचे.

मग मी अभ्यास केला. मूठ मधोमध असली तर दार ढकलायला कडेच्या मानाने दुप्पट जोर लागतो. हे समजायला पुस्तक नको, आपले जाते पाहावे. जात्याचा खुंटा काठाला असतो; तो पाळूच्या मध्याकडे सरकवला तर दळणारीचे हात भरून येतील. शिवाय तीन फूट रुंदीच्या दाराला मधली मूठ खरोखर चालवायची, तर आतून दीड फुटाची दांडी कडेपर्यंत न्यावी लागते. नेहमीच्या कुलपात हे अंतर अडीच इंचांच्या आसपास असते. मग मालिकावाल्यांना ही मूठ कशी चालली? कारण त्या घरात कोणी राहत नव्हते. ‘आय लव्ह लूसी’ ही अमेरिकन मालिका १९५१ साली सुरू झाली. ती तीन कॅमेऱ्यांनी, समोर प्रेक्षक बसवून चित्रित करत. असल्या घरांची चौथी भिंत बांधतच नाहीत, तिथे प्रेक्षक असतात. तिथले दार ऊन-पाऊस अडवायला नसते. नट आत आला, की सगळ्यांना दिसावा, यासाठी असते. तिथे कोणी म्हातारी दुपारी एकटी कोंडली जात नाही.

गोल मुठीचा त्रास तिकडच्या लोकांनाही कळला आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१३ साली बांधकामाचे नियम बदलले आणि २०१४पासून नव्या घरांच्या दारांना गोल मुठीऐवजी खाली दाबायचा दांडीचा हात लावणे ठरवून दिले. संधिवाताची बोटे मूठ आवळू शकत नाहीत. दांडी कोपरानेही दाबता येते.

मी दोन्ही बोंडे काढली. आपोआप लागणारे कुलूपही काढले. कडेला दांडीचा लांब हात बसवला आणि आतून उघडायला किल्ली लागणार नाही, असे पाहिले. तेव्हा आई कोठीमागे गेली आणि चिंधीत गुंडाळलेले काहीतरी घेऊन आली. जुन्या कवाडाची साखळी! घर खचले तेव्हा तिने ती उचलून ठेवली होती, कोणाला न सांगता. मिस्त्रीने ती बाहेरून ठोकून दिली. मधल्या बोंडाच्या जागी भोक राहिले होते, त्यात लाकडाचा गोल तुकडा बसवला. रंग थोडा वेगळा दिसतो. मुलगा म्हणाला, रंग देऊ. मी म्हटले, राहू दे, मला आठवण राहील.

परवा संध्याकाळी घरी पोचलो आणि साखळी वाजवली. आतून आई म्हणाली, “ये बाबू. तुह्या बाबासारखीच वाजवतं तू.” तिने आतून दांडी दाबून दार उघडले, एका हाताने. दुसऱ्या हातात निवडायची मेथी होती.

वाचकहो, नवे घर जरूर बांधा, हौसही करा. पण कडी-कुलूप घेताना चार गोष्टी पाहा. पुढचे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे. न्हाणीघराची कडी अडचणीच्या वेळी बाहेरूनही काढता येईल अशी असावी. बाहेरची एक किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे असू द्या. आणि पक्के कुलूप खरोखर हवे ते फवारणीच्या औषधांच्या कपाटाला. तिथे मात्र हयगय नको, आणि ती किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

शेवटची परीक्षा सोपी आहे. मिस्त्रीचे पैसे चुकते करण्याआधी दिवा मालवा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दारापाशी न्या, हात ओले करून दार उघडायला सांगा. त्याला उघडले, तर दार चांगले. न उघडले, तर त्याच्या हातांना दोष देऊ नका. दार बदला.