कारण काय टाकू?

विलंब शुल्क ७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १३५ रुपये. गणपतीनंतर आलेल्या क्रेडिट कार्डाच्या बिलात या दोन ओळी होत्या आणि त्यांच्या खाली व्याजाची तिसरी. आदल्या बिलाची मुदत नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी होती. घरात पाहुणे, ओट्यावर पुरण, दारात चपलांचा ढीग. बिल भरलं पाचव्या दिवशी. पूर्ण भरलं, पण पाचव्या दिवशी.

शुल्क पाहिल्यावर पहिल्यांदा राग आला. रागातच नियम शोधायला बसलो. मी पुण्यात राहतो. तक्रारीचं पत्र मला झोपेतही लिहिता येतं. रिझर्व्ह बँकेचे २०२२चे कार्डांविषयीचे निर्देश सापडले. मुदत उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही, आणि थकबाकीदार म्हणून सिबिलसारख्या संस्थेकडे तुमचं नावही कळवता येत नाही, असं त्यात आहे. मी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. पाचच भरले.

म्हणजे नियम होता, पण मी त्यात बसत नव्हतो. नियम आपल्या बाजूचा असला की किती बरं असतं! आवाज चढवता येतो, तक्रार क्रमांक मागता येतो, तीस दिवसांत दाद लागली नाही तर लोकपालाकडे जाता येतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं. ‘माफ करा’ एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायची मला अजिबात सवय नव्हती.

तसा मराठी मुलखाचा धनकोशी झगडा जुना आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. दामदुपटीचा नियम त्याहूनही जुना: व्याज मुद्दलाच्या वर चढू द्यायचं नाही. कार्डाच्या व्याजाचं म्हणाल, तर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. माझ्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. आणि बिल मुदतीत पुरतं भरलं नाही की बिनव्याजी दिवस जातात. व्याज मोजतात ते खरेदीच्या तारखेपासून. हे सगळं वाचून जरा चेव आला खरा. पण सुप्याच्या शेतकऱ्याच्या पंगतीला मी जाऊन बसणं हा उद्धटपणाच. त्याच्याकडे पैसे नव्हते. माझ्या खात्यात होते.

ऑफिसातल्या एका अनुभवी सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “फोन कर. जुना ग्राहक आहेस, पहिलीच वेळ आहे, करतात माफ. फक्त कारण जरा वजनदार सांग. आई हॉस्पिटलमध्ये होती म्हण.” घरी हे बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, आई जाऊन अकरा वर्षं झाली. आता त्यांना पुन्हा आजारी कशाला पाडता?”

आईचा विषय निघाला आणि भिशी आठवली. साताऱ्याला आमच्या वाड्यात बारा बायकांची भिशी होती, महिन्याला पन्नास रुपये. पैसे पाच तारखेच्या आत आईकडे द्यायचे, उशीर झाला तर दोन रुपये दंड. दंडाचे पैसे बोर्नव्हिटाच्या एका रिकाम्या डब्यात पडायचे आणि वर्षाअखेर त्यातून सगळ्यांना भेळ. त्यामुळे कुणाला दंड झाला की बाकीच्या अकराजणी उघड उघड खूश व्हायच्या. मला वाटतं, दंडाचा एवढा प्रामाणिक उपयोग मी नंतर कुठेच पाहिला नाही.

एकदा माझी आत्या, म्हणजे आईची सख्खी नणंद, सात तारखेला आली. धाकट्याला ताप होता, दोन दिवस उशापासून हलता आलं नाही, म्हणाली. आईने पन्नास घेतले आणि हात पुढेच ठेवला. आत्याचा चेहरा पडला. आई म्हणाली, “वन्सं, ताप होता हे खरं. पण पैसे डब्यात होते हेही खरं. माझ्या घरी पाठवायला दोन जिने लागतात.” आत्याने दोन रुपये टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मऊ भात आणि मेतकूट घेऊन मला तिच्याकडे पिटाळलं. त्या दोन रुपयांचा विषय पुढे दोघींमध्ये कधी निघाल्याचं मला आठवत नाही. निघालाच नसेल. दंड भरला की हिशेब मिटतो. माफीचा मिटत नाही. आईने ते दोन रुपये सोडले असते तर आत्याने ते जन्मभर लक्षात ठेवले असते, आणि आईनेही.

शनिवारी दुपारी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा असल्याचं अकरा मिनिटं ऐकलं. मग एक मुलगी आली. आवाज थकलेला, पण नम्र. मी नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले आणि घसा खाकरला. मनात दोन-तीन वाक्यं तयार होती. हॉस्पिटल गाळलं होतं, पण ‘घरगुती अडचण’ ठेवली होती. गौरी ही घरगुती अडचण म्हणायला तशी हरकत नसावी.

ती म्हणाली, “सर, रिक्वेस्ट टाकते. कारण काय टाकू? इथे चार ऑप्शन आहेत.”

आणि तिने ते वाचून दाखवले. वैद्यकीय, प्रवास, तांत्रिक अडचण, विसरले.

माझ्या वाक्यांना तिथे जागाच नव्हती. मी ज्या माणसासमोर नरम व्हायची तयारी केली होती, तो माणूस पलीकडे नव्हता. होती ती चार चौकटींसमोर बसलेली एक मुलगी, आणि त्यातली कोणतीही चौकट निवडली असती तरी तिला फरक पडला नसता. खोटं बोलायचा मोह तिथेच गळाला; इतकं स्वस्त खोटं बोलण्यात तरी काय अर्थ?

“विसरलो,” मी म्हणालो.

“ओके सर.” कळफलकाचा आवाज. “वन टाइम करून देतेय. वर्षभरात पुन्हा होणार नाही. व्याजाला हात लावता येत नाही. अजून काही मदत करू?”

संपलं. अकरा मिनिटं वाट पाहणं आणि दोन मिनिटांची माफी. तुमचंही असं काही अडलं असेल तर फोन जरूर करा, गोष्ट रचत बसू नका.

फोन ठेवल्यावर मोबाइलमधले जुने संदेश चाळले. मुदतीच्या पाच दिवस आधी बँकेचा संदेश आला होता. दोन दिवस आधी आला होता. त्या दिवशी सकाळीही आला होता. तिन्ही मी उघडून वाचले होते. तिसरा वाचला तेव्हा मी केळीची पानं पुसत होतो आणि ‘संध्याकाळी बघू’ असं मोठ्याने म्हणालोही होतो. बायकोला ते आठवतं. तेव्हा ‘विसरलो’ हेही खरं नव्हतं. चौथी चौकटही चुकलीच. पैसे डब्यात होते, आणि मला तर एक जिनाही चढायचा नव्हता.

पुढच्या बिलात ७५० रुपये जमा झालेले दिसले. जीएसटीचे १३५ मात्र तसेच होते. बायको म्हणाली, शुल्कच माफ तर त्यावरचा कर कसला, पुन्हा फोन करा. तिचं बरोबर आहे, आणि या वेळी तक्रारीला जागाही होती. मी फोन केला नाही. १३५ रुपये बाकीच्या बिलाबरोबर भरून टाकले, मुदतीच्या नऊ दिवस आधी.