मालवणच्या वाटेवर, तोंडाला फडके बांधून

परळहून मालवणला एस.टी.ने जायचे म्हणजे एक अख्खी रात्र. संध्याकाळी गाडीत बसावे, पनवेल, पेण करीत मध्यरात्रीच्या सुमारास महाडला यावे, चवदार तळ्याच्या दिशेने मनोमन हात जोडावेत, कशेडी घाटात डुलकी लागावी आणि जाग यावी तेव्हा राजापूर मागे पडलेले असावे. खारेपाटण आले की सिंधुदुर्ग जिल्हा लागला. मग कणकवली, पुढे कसालला हमरस्ता सोडून गाडी उजवीकडे वळते, कट्टा येतो, आणि सुपारीच्या बागा दिसू लागल्या की आमच्या घरचे लाल मातीचे अंगण डोळ्यांपुढे येते. हा प्रवास आम्ही लहानपणापासून करीत आलो. पण १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री जो केला, तसा कधी केला नव्हता आणि पुन्हा करावा लागू नये.

ते कोरोनाचे वर्ष. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, लोकल बंद पडली. १४ एप्रिलची जयंती आपण सर्वांनी घरातच दिवा लावून साजरी केली. गावी आमची आये एकटी. वय सत्तरीच्या पुढे, त्यात दमा. भात कापणीला आले होते आणि परतीचा पाऊस काही थांबत नव्हता. तिने फोनवर एवढेच म्हटले, "भात आडवा पडला रे." आम्हाला त्यातले सगळे समजले.

आम्ही तिघे. नवरा-बायको आणि सातवीत शिकणारी मुलगी. आमच्यापैकी एकाची नोकरी रुग्णालयात, वॉर्डबॉयची. म्हणजे ज्या रोगाला सारी मुंबई भीत होती, त्याच रोग्यांच्या खाटा ढकलण्याचे काम. गावी जावे तर आयेला धोका, न जावे तर तिचे वर्षाचे धान्य मातीत. रात्रभर चर्चा झाली. शेवटी ठरले की जायचे, पण नीट समजून-उमजून जायचे.

तयारी

एस.टी. १८ सप्टेंबरपासून पूर्ण आसनांवर सुटू लागली होती आणि गाडीत मास्क सक्तीचा होता. रुग्णालयातला मास्क घरच्यांसाठी आणायचा नाही, हे आमच्या घरात पहिल्या दिवसापासून ठरलेले. म्हणून जुन्या सुती साडीचे तुकडे करून, तीन पदर घालून, शिवणयंत्रावर वीस मास्क शिवले. साध्या सुती कपड्याचा एक पदर फार काही अडवीत नाही. घट्ट विणीचे दोन-तीन पदर मात्र खोकल्यातून, शिंकेतून, बोलण्यातून उडणारे तुषार बऱ्याच प्रमाणात धरून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या वर्षी जूनमध्ये कापडी मास्क तीन पदरी असावा असे सांगितले होते. ज्याला पुढे झडपेसारखे छिद्र असते तो महागडा मास्क आम्ही टाळला. त्यातून आत येणारी हवा गाळली जाते, पण आपला उच्छ्वास तसाच बाहेर जातो. म्हणजे घालणारा वाचतो आणि शेजारचा सापडतो! केंद्राच्या आरोग्य खात्यानेही जुलै २०२० मध्ये या मास्कविरुद्ध राज्यांना कळवले होते.

बारा-तेरा तासांच्या प्रवासासाठी माणशी चार मास्क घेतले. घामाने ओला झालेला मास्क नीट श्वास घेऊ देत नाही, म्हणून तो बदलायचा. काढताना पुढून धरायचा नाही, कानामागच्या नाडीने काढायचा. वापरलेला वेगळ्या पिशवीत, घरी पोचल्यावर साबणाने धुऊन कडक उन्हात. जेवण गाडीत नाही. गाडी थांबेल तिथे खाली उतरून, मोकळ्या हवेत. आणि पाऊस असला तरी खिडकी चार बोटे उघडी.

गाडीतली रात्र

पेण गेल्यावर मागच्या बाकावरचा एक गृहस्थ खोकू लागला. मास्क गळ्यात लोंबत होता. एक-दोघे त्याच्यावर ओरडले. "उतरवा याला!" असाही आवाज आला. तो बिचारा खाली मान घालून बसला. आमच्या सौभाग्यवतीने मागे वळून विचारले, "भाऊ, मास्क का लावत नाही?" तो म्हणाला, "एकच आहे ताई. दोन दिवसांचा. भिजलाय, श्वास कोंडतो." बांधकामावर काम करणारा, सहा महिने मजुरी बुडालेला माणूस. आमच्या पिशवीतला एक धुतलेला मास्क त्याच्या हातात गेला आणि भांडण तिथेच मिटले. खोकला थांबला नाही, पण तो नाकापासून हनुवटीपर्यंत झाकला गेला. तेव्हा कळले की ज्याला आपण बेफिकीर म्हणतो, त्याच्या खिशात कित्येकदा दुसरा मास्कच नसतो.

आमचीही चूक सांगायला हवी. कणकवलीला पहाटे गावचे एक वृद्ध काका भेटले. सात-आठ महिन्यांनी आपले माणूस दिसले. आनंदाच्या भरात आम्ही मास्क खाली ओढून "जय भीम काका!" म्हणालो. इतकी रात्र सांभाळलेले एका क्षणात विसरलो. मागून वाहकाने हटकले, "अहो, नाकावर घ्या. ते किती म्हाताऱ्या माणसाशी बोलताय!" रुग्णालयात काम करणाऱ्याला हे दुसऱ्याने सांगावे लागले. अनोळखी गर्दीत आपण जपून असतो. फसतो ते आपल्या माणसापाशी.

करवंटी आणि ताटली

घरी पोचलो तेव्हा आये खळ्यात उभी. आम्ही बेड्यापाशीच थांबलो. "तोंडार ह्या काय बांधलंस रे? चोरासारको दिसतस!" ती हसली. मुलीने दुरूनच सांगितले की आम्ही दहा दिवस मांगरात राहणार. त्या वर्षी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी सरकारने दहा दिवसांचे विलगीकरण ठेवले होते. तोच आकडा आम्ही धरला होता.

दुपारी जेवणाची वेळ झाली. मुलीने सुचवले, "आजये, ताटली पायरीवर ठेव आणि मागे हो. मग आम्ही घेऊ." हे ऐकले आणि आयेचा चेहराच बदलला. ती म्हणाली, "माझ्या सासऱ्याक त्यांनी करवंटीत चाय दिल्यानी, ती पण वरसून ओतून. माझ्या पोरांक मी तसा लांबसून वाढूचंय नाय."

आम्ही गप्प झालो. "अंतर ठेवा, शिवू नका" हे शब्द त्या वर्षी रेडिओवर, टी.व्ही.वर रात्रंदिवस चालले होते. इतरांना ते नवे असतील. आपल्या आजे-पणजांनी त्या शब्दांखाली जन्म काढले. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून त्याच्या गळ्यात मडके बांधले जाई, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. तोंडापुढे काही बांधणे आणि माणसापासून दूर उभे राहणे याची आपल्या रक्तात एक जुनी चीड आहे. ती खोटी नाही.

उत्तर दिले ते सातवीतल्या पोरीने. ती म्हणाली, "आजये, ते मडके फक्त आपल्या लोकांच्या गळ्यात होते ना? हा मास्क सगळ्यांच्या तोंडाला आहे. कलेक्टरच्याही आणि माझ्याही. आणि तो तू घाण आहेस म्हणून नाही. तू मला हवी आहेस म्हणून." मग तिने एक धुतलेला मास्क काठीच्या टोकाला लावून आजीकडे दिला. आयेने तो बांधला, हात धुतले, स्वतः ताटल्या आणून पायरीवर ठेवल्या आणि लांब न जाता खळ्याच्या दुसऱ्या कडेला पाट घेऊन बसली. आम्ही जेवायला मांगराच्या पलीकडे गेलो, आणि जेवण झाल्यावर पुन्हा मास्क लावून तिच्यासमोर येऊन बसलो. उघड्या हवेत, दोन वाव अंतरावर, तासभर गप्पा झाल्या. "तोंड दिसना नाय," ती नातीला म्हणाली, "पण डोळे हसतत तेवढा माका पुरे."

मास्क नसता तर त्या दहा दिवसांत आम्हाला तिच्या अंगणातही बसता आले नसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० पासून 'सामाजिक अंतर' हा शब्द मागे घेऊन 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती. आपल्या लोकांना हा फरक सांगायला परदेशातली संस्था लागत नाही.

हे फडके आले कुठून

दुपारी मांगरात मुलीला आम्ही गोष्टी सांगत असू. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीमाई फुले यांनी मुंढव्याच्या एका महार मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंताच्या दवाखान्यात पोचवले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तो गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत असे, त्यामुळे फडके बांधून तो टळला असता असे नाही. पण योगायोग असा की त्याच १८९७ साली युरोपात ब्रेस्लाऊ शहरात मिकुलिच नावाचे शल्यविशारद तोंडाला जाळीचे कापड बांधून शस्त्रक्रिया करू लागले होते.

पुढे १९१० च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग आला. पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह तिथे गेले आणि त्यांनी सांगितले की हा रोग श्वासातून पसरतो, कापूस आणि जाळीच्या कापडाचा मास्क बांधा. मेस्नी नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरला एका चिनी माणसाने आपल्याला शिकवावे हे सहन झाले नाही. त्याने डॉ. वू यांचा अपमान केला आणि मास्क न लावताच रोग्यांमध्ये गेला. काही दिवसांतच तो प्लेगने मेला. त्या साथीत सुमारे ६० हजार माणसे गेली. ही गोष्ट ऐकून मुलगी म्हणाली, "म्हणजे त्याला जातीने मारले." आम्ही तिला दुरुस्त केले नाही.

बंदरावर

दहा दिवस कुणालाही ताप-खोकला झाला नाही. मास्क लावूनच आम्ही भात कापले; आये बांधावरून हुकूम सोडी. २५ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा सोहळा त्या वर्षी रद्द झाला होता. घरातच, दारे-खिडक्या उघडून, आम्ही चौघांनी वंदना घेतली. प्राणिमात्राची हिंसा करणार नाही, हे पहिले शील म्हणताना त्या दिवशी अर्थ वेगळाच लागला. नकळत का होईना, आपल्या श्वासाने कुणाचा जीव जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी आयेला मालवणला नेले. मार्चपासून तिने समुद्र पाहिला नव्हता. धक्क्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवरायांनी बांधायला घेतलेला, तीन वर्षांत पुरा झालेला. चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. त्या दिवशी आम्ही किनाऱ्यावरूनच पाहिला.

होड्यांतून बांगडा उतरत होता. मासे विकणाऱ्या मावशीचा मास्क हनुवटीवर. आयेने, हो, आमच्या आयेनेच, तिला नाकाकडे बोट करून दाखवले. मावशी म्हणाली, "मास्क लावन बोललंय तर गिऱ्हायकाक आयकाक येना नाय, आणि काढलंय तर माजो नातू वरडता!" दोघी मनसोक्त हसल्या. तिची अडचणही खरीच होती. ज्याचे पोट आवाजावर आहे त्याने दिवसभर तोंड बांधून कसे ओरडावे? शेवटी तिने मास्क वर घेतला आणि भाव बोटांनी सांगू लागली. एक तरुण म्हणाला, "सुक्या मासळीचा वास मास्कातून येतो, मग विषाणू येणार नाही का?" त्याला आम्ही सांगितले की वासाचे कण विषाणूहूनही फार बारीक असतात. विषाणू मात्र बहुधा तुषारांवर बसून येतो, आणि तुषार कापडात अडकतात. वास आला म्हणून मास्क निकामी ठरत नाही.

आज

मार्च २०२१ मध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली, तेव्हा आये स्वतः जाऊन टोचून आली. २ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला आणि ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. नंतरच्या एका हिवाळ्यात आम्ही आयेला होडीत घालून किल्ल्यावरही नेले. होडीवाल्याने सर्वांना लाइफ जॅकेट घालायला लावले. मुलगी म्हणाली, "हे आपल्याला वाचवते. मास्क शेजारच्यालाही वाचवत होता."

सक्ती गेली, पण आयेच्या घरी खुंटीवर तो साडीचा मास्क अजून आहे. भात झोडताना धुरळा उडतो तेव्हा ती बांधते, आणि कुणी खोकत आले तर त्यालाही देते. आमच्या प्रवासाच्या पिशवीतही तिकिटाच्या पैशांशेजारी दोन धुतलेले मास्क असतात. एक आपल्यासाठी, एक मागच्या बाकावरच्यासाठी. सर्दी-तापाची साथ येतच असते. क्षयरोग तर आपल्या वस्त्यांतून, एकाच खोलीत आठ-आठ माणसे राहणाऱ्या घरांतून अजून हटलेला नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासतात. तपासून घ्यावी, आणि तोवर एस.टी.त बसताना तोंड झाकावे. यात लाज नाही.

बंधु-भगिनींनो, आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके दुसऱ्यांनी बांधले होते. हे फडके आपण आपल्या हाताने, आपल्या समजुतीने बांधतो. आमची आये हा फरक एका दुपारी, खळ्यात पाटावर बसून समजली. मग आपल्याला काय अवघड आहे?