आधीं देव, मग भांडीं

माझ्या घरच्या संगणकावर विंडोज १० ही प्रणाली अजून नांदते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें तिची नेहमींची देखभाल थांबविली. दार तेंच, पण पहारेकरी उठून गेला. तरी नवी प्रणाली घ्यावयास मन धजेना. वडिलांच्या आठवणी मीं ज्या जुन्या टंकांत उतरविल्या, तो टंक नसला कीं मराठीच्या जागीं निरर्थक रोमन चिन्हें उमटतात.

मग आई आठवली. येथेंच, छत्रपती संभाजीनगरांत, गुलमंडीवरून सिडकोंत बिऱ्हाड हलवितांना तिनें आधीं देव नेले, मागाहून भांडीं. मीहि तसेंच करणार. प्रथम आठवणी युनिकोडमध्यें आणीन, त्यांची एक प्रत निराळी ठेवीन आणि मगच प्रणाली बदलीन. सिडकोंतल्या त्या उघड्याबोडक्या खोलींत पाऊल टाकतांना आई म्हणाली होती, “देव आले ना? मग घर आपलेंच.”