चोवीस मिनिटे

आई दिवाणखान्यात पडली तो वार मंगळवार होता, हे निश्चित. वेळ मात्र निश्चित नव्हती. मुलुंडच्या आमच्या घरी दुपारची ती एकटीच असते. शेजारच्या वहिनींनी त्यांच्याकडील किल्लीने दार उघडून आम्हांस फोन केला तो ४ वाजून ५० मिनिटांनी. मोबाइलमध्ये तशी नोंद आहे. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो हा, की जमिनीवर किती वेळ पडून होत्या? वृद्ध माणूस तासाहून अधिक काळ तसाच पडून राहिला, तर दबलेल्या स्नायूंना इजा होते आणि तिचा ताण मूत्रपिंडांवर येऊ शकतो, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

घरात कॅमेरा होता, आणि चित्रण साठवणारा रेकॉर्डर कपाटावर होता. रात्री घरी येऊन आम्ही ते चित्रण पाहिले, तो एकाच प्रसंगाच्या दोन वेळा समोर आल्या. चित्राच्या कोपऱ्यात ३.४१, फाइलच्या नावात ४.०५. पहिली खरी मानावी तर आई एक तास नऊ मिनिटे पडून होती, दुसरी खरी मानावी तर पंचेचाळीस मिनिटे.

मोबाइल हातात धरून दोन्ही यंत्रे पडताळली. रेकॉर्डर सेकंदाला सेकंद जुळत होता. कॅमेरा २४ मिनिटे मागे होता. पण रात्री बरोबर असलेले यंत्र दुपारीही बरोबर होते, हे कशावरून? रेकॉर्डरच्या नोंदींत त्याने तासातासाला बाहेरच्या सर्व्हरला वेळ विचारल्याचे दिसले. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येही त्याच सर्व्हरचे नाव होते, मात्र घराबाहेर जाण्याची वाट म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या राउटरचा पत्ता होता. तो आम्हीच हाताने भरला होता आणि विसरलो होतो. घरातल्या घरात कॅमेरा रेकॉर्डरशी बोलत राहिला, चित्रण चालू राहिले, म्हणून कोणास संशय आला नाही. त्याच्यातला स्फटिक दिवसाला दोन सेकंद मागे पडे. दोन वर्षांचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा.

वेळ विचारण्याची ही रीत डेव्हिड मिल्स या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली मांडली. प्रश्न पाठवल्याचा आणि उत्तर पोचल्याचा क्षण टिपायचा, मधल्या प्रवासाचा निम्मा काळ उत्तरात मिळवायचा. जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागतो, हे त्यातले गृहीतक. लोकलने रोज ये-जा करणाऱ्यास ते पटणे कठीण, पण एरवी काम चोख होते.

तरीही आमचे समाधान झाले ते तिसऱ्याच साक्षीने. चित्रात मागच्या भिंतीवरचे घड्याळ दिसत होते, आणि त्यात सव्वाचार वाजले होते. आई फोर्टात नोकरीला असल्यापासून ते दहा मिनिटे पुढे असते. निवृत्तीनंतरही तिने ते कोणास मागे करू दिले नाही. दहा वजा केले की ४.०५. तिघांत मुद्दाम चुकीचे ठेवलेले ते एकच. पण किती चुकीचे, हे घरात सर्वांस ठाऊक होते, म्हणून ते कामी आले.

या शहराला तर ही खोड जुनीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेची घड्याळे मद्रासची वेळ दाखवीत, शहराच्या वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईच्या नगरपालिकेने आपली घड्याळे तिच्या ३९ मिनिटे मागे ठेवली, आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तशीच चालविली. इतिहासकार त्यास साहेबाविरुद्धचा हट्ट म्हणतात, आणि तो होताच. आम्हांस नवल वाटते ते त्या पिढीचे, जी रस्त्यावरून स्टेशनात शिरता शिरता मनातल्या मनात अर्धा तास मिळवीत असे. तिला फरक ठाऊक होता. आम्हांस आमच्या कॅमेऱ्याचा नव्हता.

डॉक्टरांना फोन करून पंचेचाळीस मिनिटे सांगितले. रक्ततपासणी तर केलेलीच होती. ती ठीक आली. कॅमेऱ्यात नव्या राउटरचा पत्ता भरला, तेव्हा १०.०६ च्या पाठोपाठ एकदम १०.३० उमटले.

आठवड्याने आई घरी आली. तिला हे सारे सांगितले.

"पंचेचाळीसच?" ती म्हणाली. "अरे, मला वाटलं दिवेलागण होऊन गेली." मग भिंतीकडे पाहून तिने विचारले, माझ्या घड्याळाला कोणी हात तर लावला नाहीत ना?